घाटातली शर्यत आणि तिचा शेवटचा गडी



आम्ही दांडीचे. गावाचे नाव सांगितले की परगावचा माणूस आदराने हात जोडतो. त्याला १९३० सालच्या मिठाच्या सत्याग्रहाची दांडी आठवते. ती दांडी गुजरातेत. आमची दांडी याच पालघर तालुक्यात, बोईसरच्या पश्चिमेस समुद्राला खेटून आहे. गाव मच्छीमारांचे. तेथे डोंगर नाही, टेकडी नाही. सगळ्यांत मोठा चढ म्हणजे वाळूवरून होडी वर ओढण्याचा. अशा गावच्या माणसाने घाटातल्या शर्यतीवर बोलायचे म्हणजे नावाड्याने घोड्यावर व्याख्यान देण्यासारखे आहे, असे आपणांस वाटेल. पण होडीचा तो चढ एकटा माणूस कधी चढत नाही, एवढे मात्र आम्ही लहानपणापासून पाहिले आहे. आजच्या विषयाला तेवढी पुंजी पुरेल असा आमचा अंदाज आहे.

आणखी एक खुलासा. आम्ही स्वतःस 'आम्ही' म्हणतो यात मोठेपणा नाही. तीस वर्षे संघटनेत काढली की 'मी' म्हणायची सवय मोडते. आमची शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण कामगारांच्या वाचनालयात आणि कारखान्यांच्या फाटकाबाहेर झाले. गेली काही वर्षे कामगारांच्या एका लहानशा मंडळातर्फे आम्ही धावण्याच्या शर्यतींची व्यवस्था पाहतो. स्वतः धावणे थोडे आणि रस्त्यावर उभे राहणे फार, असा आमचा अनुभव. म्हणून आज धावणाऱ्यापेक्षा उभे राहणाऱ्याच्या बाजूने बोलणार आहोत.

प्रथम ज्या दिवशी शर्यत होते त्या दिवसाविषयी बोलू. आपल्याकडच्या शर्यती बहुधा रविवारी होतात. हा रविवार कामगाराला आपोआप मिळालेला नाही. महात्मा फुल्यांचे सहकारी, 'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी तो मागितला, सभा घेतल्या, अर्ज केले, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. तेव्हा पहाटे पाच वाजता नंबराचा कागद छातीला टाचून जो उभा राहतो, तो लोखंड्यांचा ऋणी आहे. त्याला ते माहीत असो वा नसो. आणि आमच्या बोईसर-तारापूरकडे चोवीस तास पेटत्या असणाऱ्या भट्ट्या रविवार पाळत नाहीत, हेही येथेच सांगून ठेवतो. त्याकडे पुन्हा येऊ.

आता घाटाकडे वळू. महाराष्ट्रात घाटातल्या शर्यतीचे नाव काढले की सातारा आठवतो. सातारच्या धावणाऱ्या मंडळींनी २०१२ साली तेथे डोंगरी अर्धमॅरेथॉन सुरू केली. शहरातून निघायचे, यवतेश्वरच्या घाटाने कासच्या वाटेवर चढत जायचे, आणि त्याच वाटेने खाली यायचे. अर्धमॅरेथॉन म्हणजे २१ किलोमीटर आणि वर साडेसत्याण्णव मीटर. स्थानिक मंडळींनी सुरू केलेली ही शर्यत इतकी वाढली की २०१५ साली डोंगरी शर्यतीतील सर्वाधिक धावपटूंची गिनीज नोंद तिच्या नावावर झाली. त्या नोंदीपेक्षा आम्हांस दुसऱ्या एका गोष्टीचे महत्त्व वाटते. ज्या गावात शर्यत, ते गाव रस्त्याच्या दुतर्फा उभे राहते. परगावचा धावणारा दमून मान खाली घालून चाललेला असतो. एखादी आजी त्याला 'थोडंच राहिलं, बाळा' म्हणते. थोडे राहिलेले नसते. पण तो पळू लागतो.

घाटात शरीराचे काय होते, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. कारण शर्यतीची सगळी व्यवस्था त्यावरच उभी राहते. चढणीवर माणूस आपले वजन पावलोपावली वर उचलतो. म्हणून सपाटीवरचा वेग चढणीवर धरू पाहणाऱ्याची छाती पहिल्या दोन वळणांतच भरून येते. जाणता धावणारा वेग सोडतो आणि श्रम तेवढेच ठेवतो; पावले आखूड टाकतो, आणि फारच खडा चढ लागला तर सरळ चालतो. घाटात चालण्यात लाज नाही. दुसरी गोष्ट, चढणीवर गमावलेला वेळ उतरणीवर परत मिळेल हा हिशेब खोटा आहे. थोडा मिळतो, सगळा कधीच मिळत नाही. उतारावर बैलांच्या मानेवर गाडी येते, तशी माणसाच्या मांडीवर त्याची सगळी काया येते. मांडीचे स्नायू तेथे रोधकाचे काम करतात. ताणले जात असतानाच त्यांना भार पेलावा लागतो आणि त्यांचे तंतू दुखावतात. म्हणून शर्यतीच्या दिवशी हसत घरी गेलेला माणूस दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरतो. चढाने माणूस दमतो, उताराने दुखावतो. घाटात मदतीची माणसे फक्त चढावर उभी करणारा संयोजक अर्धेच काम करतो.

आता व्यवस्थेकडे येऊ. शर्यत म्हणजे एक शिट्टी आणि एक फीत, अशी पुष्कळांची समजूत असते. खरी शर्यत त्याच्या कित्येक महिने आधी सुरू होते, आणि ती मोजणीपासून सुरू होते. रस्ता मोटारीच्या काट्यावर मोजून चालत नाही. सायकलच्या पुढच्या चाकाला फेरे मोजणारे एक लहान यंत्र बसवतात. १९७१ च्या सुमारास अमेरिकेतील ॲलन जोन्स नावाच्या गृहस्थाने ते तयार केले. आधी पोलादी फितीने मोजलेल्या सरळ अंतरावर सायकल अनेक वेळा चालवून, एका किलोमीटरला यंत्राचे किती आकडे पडतात हे ठरवायचे. मग धावणारा ज्या आखूडात आखूड रेषेने जाऊ शकेल त्या रेषेने सगळा रस्ता मोजायचा. घाटाच्या वळणांवर हा नियम फार महत्त्वाचा ठरतो, कारण प्रत्येक वळण आतून कापले की काही मीटर वाचतात. एवढे करूनही हजारी एक मीटर जादा धरायचा. म्हणजे अर्धमॅरेथॉनला सुमारे २१ मीटर. अंतर चुकून कमी भरू नये यासाठी ही तजवीज असते. आपल्याकडे म्हण आहे, मापात पाप नको. वजनकाट्यापाशी पगार ठरणाऱ्या माणसांत आम्ही वाढलो. माप चोख असले की निम्मे भांडण मिटते, हे आम्हांस पुस्तकातून शिकावे लागले नाही.

मोजणीनंतर परवानग्या. पोलीस, बांधकाम खाते, ग्रामपंचायत, आणि बाजूला जंगल असेल तर वनखाते. पण कागदावर न येणारी एक परवानगी सगळ्यांत मोठी असते. घाटाच्या वर माणसे राहतात. त्यांची सकाळची एस.टी. त्याच रस्त्याने खाली येते, दूध त्याच रस्त्याने जाते, अडलेली बाई त्याच रस्त्याने दवाखान्यात न्यावी लागते. आपण तो रस्ता त्यांच्याकडून काही तासांसाठी उसना घेतो. तेव्हा आधी वर जाऊन त्या गावात बसावे, चहा घ्यावा, रस्ता किती वाजता बंद आणि किती वाजता खुला हे सांगावे, आणि ठरल्या वेळी खुला करावा. रुग्णवाहिकेसाठी एक पट्टी शेवटपर्यंत मोकळी ठेवावी. चढणारे आणि उतरणारे समोरासमोर येतात, म्हणून रस्ता मधोमध दोरीने किंवा खुणांनी विभागावा. धावणाऱ्यांना एकदम न सोडता वेगाप्रमाणे तुकड्या करून सोडावे. घाटाचा रस्ता अरुंद असतो. मागून येणारा लोंढा पुढच्याला कठड्याकडे ढकलतो.

पाण्याचेही शास्त्र आहे. पाण्याचे टेबल उतारावर मांडू नये, कारण उतरणारा थांबू शकत नाही. वळणावर मांडू नये, कारण तेथे मागचा दिसत नाही. थोडी सपाटी पाहून मांडावे, आणि एका टेबलाऐवजी चार-पाच टेबले ओळीने लावावी, नाहीतर सगळी गर्दी पहिल्यावरच लोटते. पाण्याबरोबर मिठाचीही सोय हवी. तहान नसताना लोट्यावर लोटे पाणी रिचवले तर रक्तातले मीठ उतरते आणि माणूस भोवळ येऊन पडतो. पाण्याच्या अभावाइतकाच त्याचा अतिरेकही घातक. आपल्या किनाऱ्याकडे तर हवेतच एवढे पाणी असते की घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही की अंग निवत नाही. उष्माघाताने कोणी पडला, बरळू लागला, तर नियम एकच: आधी थंड करा, मग हलवा. बर्फाच्या पाण्यात त्याला बुडवता आले तर उत्तम, नाहीतर सर्वांगावर गार पाणी ओतत राहा आणि वारा घाला. रुग्णवाहिकेची वाट पाहत त्याला नुसता सावलीत निजवून ठेवणे हा वेळेचा अपव्यय आहे, आणि तेथे वेळ म्हणजे जीव.

हे सगळे ऐकून कोणी म्हणेल, एवढे आपल्या लोकांना जमणार कसे? त्याला आमचे उत्तर असे की आपले लोक हे पिढ्यान् पिढ्या करीत आले आहेत. ज्ञानोबांची पालखी पुण्याहून सासवडला जाताना दिवेघाट चढते. रथाला तेथे जादा बैलजोड्या लावतात. रथापुढच्या दिंड्या कोणत्या, रथामागच्या कोणत्या, कोणाच्या मागे कोणी चालायचे, हे ठरलेले असते. दिंडीचे सामान पुढच्या मुक्कामी आधी पोहोचते, वाटेवरचे गाव पाणी घेऊन उभे असते. त्यात म्हातारी माणसे असतात, लेकुरवाळ्या बाया असतात. वारीत पहिला कोण आला हे कोणी विचारीत नाही. शर्यतीत ते विचारावेच लागते, नाहीतर ती शर्यत कसली? परंतु घाट चढताना जादा बैल जोडायचे असतात, ही अक्कल वारीकडून घ्यायला हरकत नाही.

आता थोडे समुद्रापलीकडे जाऊ. दक्षिण आफ्रिकेत डरबन आणि पीटरमॅरिट्झबर्ग या दोन शहरांमध्ये सुमारे ९० किलोमीटरची डोंगराळ शर्यत होते. तिचे नाव कॉम्रेड्स, म्हणजे सोबती. ती सुरू करणारा विक क्लॅपहॅम हा रेल्वेचा इंजिनचालक. पहिल्या महायुद्धात तो आफ्रिकेत शेकडो कोस पायी चालला आणि आपले पुष्कळ सोबती गमावून परतला. त्यांच्या आठवणीसाठी दगडी स्तंभ न मागता त्याने शर्यत मागितली. २४ मे १९२१ रोजी पहिली शर्यत झाली. ३४ जण सुटले, १६ पोहोचले. एका कामगाराच्या डोक्यातून निघालेली ही शर्यत शंभर वर्षे ओलांडून गेली आहे. एके वर्षी समुद्राकडून वर चढायचे, बहुधा दुसऱ्या वर्षी वरून समुद्राकडे उतरायचे.

या शर्यतीला अलीकडे १२ तासांची मुदत आहे. मुदत संपत आली की एक पंच धावणाऱ्यांकडे पाठ करून उभा राहतो आणि घड्याळाकडे पाहून बंदूक उडवतो. त्याच्या पाठीमागे दोन पावलांवर कोणी असला तरी त्याची नोंद नाही, पदक नाही. पाठ का करायची? चेहरा पाहून दया येऊ नये म्हणून. कित्येकांना हे क्रूर वाटते. आम्हांस ते न्याय्य वाटते. नियम आधी सांगितलेला आहे आणि ओळखीपाळखीने तो वाकत नाही, एवढे कामगाराला साहेबाकडून मिळाले तरी तो निम्मा सुखी होतो. मात्र त्याला आम्ही एक पुस्ती जोडतो. मुदत संपली म्हणजे पदक संपले. जबाबदारी संपत नाही. रस्त्यावर शेवटचा माणूस असेपर्यंत पाणी, दवा आणि सोबत राहिलीच पाहिजे.

याच शर्यतीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सोबत्यांच्या नावाच्या या शर्यतीने अनेक दशके सगळ्यांना सोबती मानले नाही. १९२३ साली फ्रान्सिस हेवर्ड नावाच्या बाईने प्रवेश मागितला. तो नाकारला गेला. ती तरीही धावली आणि पोहोचली. पदक मिळाले नाही, तेव्हा बाकीच्या धावणाऱ्यांनी आणि प्रेक्षकांनी मिळून तिला चांदीचा चहाचा संच भेट दिला. १९३५ साली रॉबर्ट मत्शाली हा कृष्णवर्णीय धावपटू असाच नोंदीबाहेर धावला. स्त्रियांना आणि कृष्णवर्णीयांना रीतसर प्रवेश मिळायला १९७५ साल उजाडावे लागले. आणि मत्शालीच्या नावाचे पदक सुरू व्हायला २०१९. रस्ता तोच, डोंगर तेच. त्यांना अडवले होते ते प्रवेशाच्या कागदाने, चढाने नव्हे.

म्हणून आम्ही विचारतो, आपल्याकडच्या शर्यतीत कोण येऊ शकत नाही? आपल्याकडे कोणाची जात वा वर्ण विचारीत नाहीत, ही चांगली गोष्ट आहे. पण प्रवेशफी कंत्राटी कामगाराच्या दोन-तीन दिवसांच्या मजुरीइतकी ठेवली की तो आपोआप बाहेर राहतो. त्याला कोणी 'नाही' म्हणावे लागत नाही. शनिवारची रात्रपाळी करून रविवारी सकाळी सुटणाऱ्याला पाचची शर्यत कशी गाठता येणार? मुलांना अंथरुणात ठेवून अंधारात घराबाहेर पडायचे म्हणजे बाईला घरातल्या किती जणांची संमती लागते? या प्रश्नांची उत्तरे शोधली नाहीत तर शर्यत फक्त सवड असणाऱ्यांची होईल.

आणि ज्यांना आपण बाहेर ठेवतो, त्यांच्यातच खरा धावणारा असतो, हा आपल्या महाराष्ट्राचा इतिहास आहे. १९१९ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या क्रीडामेळाव्यात सर दोराबजी टाटांनी अनवाणी धावणारी शेतकऱ्यांची मुले पाहिली. धावण्याचे तंत्र त्यांना कोणी शिकवले नव्हते, पण त्यांचा वेग पाहून टाटा चकित झाले. त्यातून पैसा उभा राहिला आणि १९२० साली हिंदुस्थानचे पथक अँटवर्पच्या ऑलिंपिकला गेले. बेळगावचे फडेप्पा चौगुले तेथे मॅरेथॉन धावले आणि २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत १९ वे आले. आणि अलीकडचे पाहा. नाशिक जिल्ह्यातील सावरपाडा या आदिवासी पाड्यावरच्या कविता राऊत यांनी २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटर धावण्यात कांस्यपदक मिळवले. सावरपाड्यासारखे पाडे आपल्या जव्हार-मोखाड्यात ठिकठिकाणी आहेत. तेथली मुले-मुली रोज चढउतार करतात. त्यांच्यासाठी फीत कोणी धरायची, एवढाच प्रश्न आहे.

आम्ही पाहिलेली एक गोष्ट सांगतो. शर्यत कोठली, संयोजक कोण, याला महत्त्व नाही. बक्षिसे वाटून झाली होती, पाहुण्यांचे भाषण झाले होते, कमान उतरवायला माणसे चढली होती. तेवढ्यात घाटाच्या शेवटच्या वळणावरून एक बाई येताना दिसली. अंगावर पंजाबी ड्रेस, पायांत साधे कापडी बूट. औषधांच्या कारखान्यात बाटल्या भरण्याच्या कामावर होती, हे मागाहून कळले. दिलेल्या मुदतीला अजून बारा मिनिटे बाकी होती, म्हणजे ती नियमात होती. पण शेवटच्या दोन ठिकाणची पाण्याची टेबले गुंडाळली गेली होती. तिने घाटातले ते अंतर कोरड्या घशाने कापले. घड्याळ बंद केले होते. कोणी तरी खोक्यातून पदक शोधून तिच्या हातात दिले. ती काही बोलली नाही. पदक ओढणीत बांधले आणि एस.टी.च्या थांब्याकडे चालू लागली. त्या दिवशी पहिल्या आलेल्याचा वेळ आम्हांस आठवत नाही. ती बारा मिनिटे आठवतात.

तिच्याइतकेच विसरले जातात ते उभे राहणारे. पहाटे तीनला उठून पाणी भरणारी पोरे, वळणावर पाच तास झेंडी धरून उभा असणारा, आणि सगळे गेल्यावर घाटात पसरलेले हजारो पेले वेचणारे सफाई कामगार. त्यांना न्याहारी मिळाली का, हातमोजे दिले का, मजुरी त्याच दिवशी चुकती झाली का? ज्या शर्यतीचा कचरा दुसऱ्या दिवशी घाटात उरतो, ती शर्यत पुरी झालेली नसते.

आता आपल्या जिल्ह्यापुरते बोलून पुरे करतो. सपाटीची मोठी मॅरेथॉन वसई-विरारला २०११ साली सुरू झाली. घाट मात्र आपल्या दाराशी आहे. पालघरहून मनोरकडे निघाले की वाघोबा खिंड लागते. तेथे वाघोबाचे ठाणे आहे. वारली माणसांचे ते दैवत, आणि आपल्यापैकी पुष्कळ जण तेथे गाडी थांबवून नमस्कार करतात. त्या रस्त्यावर मालमोटारींची वर्दळ फार. तरी थंडीतल्या एखाद्या रविवारी पहाटे दोन-तीन तास तो मिळावा, असा प्रयत्न पालघरकरांनी करावा. शर्यत लहान ठेवा. दहा किलोमीटर पुरेत. फी एवढीच ठेवा की रोजंदारीवरचा माणूस घरी न विचारता भरील. कारखान्यांना दोन महिने आधी पत्र द्या, की धावू इच्छिणाऱ्याची शनिवारची पाळी बदलून द्यावी. पत्रावर आमची सही हवी असेल तर ती आम्ही आनंदाने करू. बायांसाठी जाण्यायेण्याच्या गाडीची सोय करा. वरच्या पाड्यांतल्या मुलांना फी नको. आणि पाच-सहा माणसांची एक टोळी अशी नेमा की जिचे काम एकच: शेवटच्या माणसाच्या मागे चालणे. त्याच्या पुढे जायचे नाही, त्याला घाई करायची नाही, त्याला एकटे सोडायचे नाही. ती टोळी परत येईपर्यंत कमान उतरायची नाही, टेबल उठायचे नाही, आणि पाहुण्यांचे भाषणही सुरू व्हायचे नाही. पाहुण्यांना त्यामुळे थोडे थांबावे लागेल. त्यांनी टाळ्या वाजवण्यास मदत करावी.

पहिल्याला घाट त्याच्या पायांनी चढवला, असे म्हणता येईल. शेवटच्याला मात्र सगळ्या गावाने चढवावे लागते. गाव तयार आहे की नाही, हे त्या शेवटच्या माणसावरून कळते. संघटनेत आम्ही इतकी वर्षे याहून निराळे काही शिकलो नाही. या कामासाठी ज्यांना नावे द्यायची असतील त्यांनी सभा संपल्यावर बाहेरच्या टेबलाशी द्यावी. धावणाऱ्यांची यादी नंतर करू. आज उभे राहणाऱ्यांची करू.